बांधावरचे झाड कोणाचे?



मृग लागला की रोपांच्या गाड्या गावोगाव येतात, खड्डे भरले जातात, फोटो निघतात. होळीपर्यंत त्या खड्ड्यांत कुसळेच उरतात. रोप फुकट मिळाले, पण ते जगवण्याचा हुन्नर आणि ते तोडण्याचा हक्क कोणी दिला नाही.

झाडाची गरज आपल्याला कोणी शिकवायला नको. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्याची कपाशी खाल्ली. ज्यांच्याकडे कपाशीशिवाय काही नव्हते त्यांच्या घरी ना पैसा आला, ना दाणा. पाऊस महिनाभर दडी मारतो तेव्हा पीक माना टाकते, पण खोल मुळाची बाभूळ तग धरते. ती जळण देते, औताचे लाकूड देते, शेळ्यांना शेंगा देते.

आफ्रिकेतील नायजर हा आपल्यासारखाच ज्वारी-बाजरीचा कोरडवाहू मुलूख. तिथे सरकारी रोपे अशीच मरत. १९८० नंतरच्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांनी रोपांचा नाद सोडला. शेतात जुन्या खोडांना आपोआप फुटवे येत. त्यांतले दोन-चार जोमदार राखून बाकी छाटायचे, एवढेच ते शिकले आणि शेजाऱ्याला शिकवत गेले. झाडावर सरकारची मालकी होती. तिचा जाच सैल झाला तशी झाडे वाढली. वीस-पंचवीस वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टरवर हिरवाई परतली.

आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे तालुक्याच्या सभागृहात भाषण आणि चहा. प्रशिक्षण बांधावर व्हावे, आणि नवरा-बायको दोघांचे व्हावे. कारण जळण, चारा आणि शेळ्या घरची बाईच सांभाळते. गावठी बोर उन्हाळ्यात छाटून नव्या फुटव्यावर चांगल्या जातीचा डोळा कसा भरायचा, शेवग्याचे फाटे कसे लावायचे, हे हाताने करून दाखवावे. झाडाखालची ज्वारी मार खाते, हेही खरे. म्हणून पेरणीआधी फांद्या किती उतरवायच्या, हाही धडा हवा.

आता हक्काचे. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, आंबा, चिंच, मोह ही झाडे आहेत. आपल्या शेतातले झाड तोडायला परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागणार असतील, तर शहाणा शेतकरी ते रोपटे असतानाच उपटून टाकतो. २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणानेच हे नियम सोपे करा म्हटले. २०१७ साली बांबू वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला. बांबूला जमले ते सागाला का नाही?

जिल्हा बैठकीत प्रत्येक गावाने दोन गोष्टी ठरवून याव्यात. यंदा आपोआप उगवलेली किती झाडे बांधावर राखणार, आणि स्वतःच्या शेतातले झाड तोडण्याच्या हक्कासाठी तहसीलवर कधी जाणार. रोपांच्या गाडीची वाट पाहू नका. बांधावर खोडे आहेत, त्यांना फुटवे येतच आहेत.