डोकेदुखीची वही

क्लस्टर डोकेदुखी ही अत्यंत तीव्र वेदनांपैकी एक मानली जाते. डोक्याच्या एकाच बाजूला, डोळ्यामागे किंवा कानशिलात असह्य कळ येते. त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणावतो, नाक चोंदते किंवा वाहते. अर्धशिशीचा रुग्ण अंधारात पडून राहतो. हा रुग्ण मात्र येरझाऱ्या घालतो. औषध न घेतल्यास एक झटका 15 मिनिटांपासून 3 तासांपर्यंत टिकतो.

बहुतेक रुग्णांना काही आठवडे किंवा महिने त्रास होतो आणि मग बराच काळ सुटका मिळते. झटके वर्षभर चालूच राहिले किंवा मधली सुटका 3 महिन्यांपेक्षा कमी असली, तर तो आजार जुनाट समजला जातो.

पण जुनाट म्हणजे रोज सारखाच त्रास, असे नव्हे. दिवसाआड एक झटका येतो, तसे एका दिवसात 8 देखील येऊ शकतात. एकाच माणसाचा एक आठवडा बरा जातो आणि पुढचा जीव नकोसा करतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे घड्याळ सांभाळतो आणि या आजारात त्याचा सहभाग असतो. म्हणूनच अनेकांना रात्री ठरावीक वेळी झटका उठवतो. तरीही झटके कधी वाढतील, कधी कमी होतील, याचे कारण पुष्कळदा सापडत नाही.

इथेच घरच्यांची गफलत होते. दोन आठवडे शांत गेले की आजार गेला असे वाटते आणि तो परतला की, "कालपर्यंत तर ठीक होतास!" असे बोल ऐकावे लागतात. उपचारांचेही तसेच. त्रास शिगेला पोहोचला की आपण नवा काढा, नवे तेल शोधतो. उतार कदाचित आपोआपच पडणार असतो, श्रेय मात्र काढ्याला जाते. उलट, एखादे चांगले औषध नेमके चढाच्या काळात सुरू झाले, तर ते निकामी ठरवून बंद केले जाते.

यावर साधा उपाय म्हणजे एक वही. तारीख, झटक्याची वेळ, तो किती मिनिटे टिकला, वेदना दहापैकी किती होती आणि कोणते औषध घेतले, एवढे रोज लिहावे. झटका आला नाही, तर तेही लिहावे. महिन्या-दोन महिन्यांच्या नोंदी पाहिल्या म्हणजे औषधाचा गुण डॉक्टरांना नीट ताडता येतो. व्हेरापॅमिलसारख्या औषधाचा डोस वाढवताना हृदयाचा ईसीजी काढावा लागतो. म्हणून ते आपल्या मनाने वाढवू नये, बंदही करू नये. झटका थांबवण्यासाठी मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतात. त्याबद्दल मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर विचारावे.

डोकेदुखी अचानक वेगळ्याच प्रकारची झाली, सोबत ताप आला किंवा हातपाय लुळे पडले, तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा. आणि रुग्ण जगण्याला कंटाळल्याचे बोलू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मध्यरात्री येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाला घरातले कुणीतरी जागे आहे, एवढाही आधार मोठा असतो.