भाजीला घासाघीस, मोटारीला मौन?



पावशेर गवारीमागे दोन-चार रुपये कमी करून घेतल्याशिवाय आपण मंडईतून पाय काढत नाही. तुळशीबागेत तर निम्म्या किमतीपासूनच बोलायला सुरुवात! मग सहा-सात लाखांची मोटार घ्यायला गेल्यावर आपली जीभ टाळ्याला का चिकटते? काचेची दारं, गार हवा, हातात कॉफीचा कप आणि समोर गोड बोलणारा मुलगा. आपल्याला वाटतं, इथं सगळं ठरलेलंच असणार, इथं कसलं बोलायचं?

याला कारणही आहे. आमच्या सासऱ्यांच्या काळी मोटारीची घासाघीस हा प्रकारच नव्हता. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तिच्यासाठीही रांगा लागल्या. गाडी मिळाली हेच भाग्य, असं मानायची सवय घराघरांत मुरली. आता दिवस बदललेत, सवय मात्र तीच राहिली.

माझ्या धाकट्या जाऊबाईंचीच गोष्ट सांगते. दीरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. आठवड्यातून तीनदा व्यायामोपचारांसाठी न्यायचं, रिक्षात चढवताना-उतरवताना दोघांचेही हाल. शेवटी तिनं मुदतठेव मोडली, भिशीचे पैसे घातले आणि छोटी मोटार घ्यायचं ठरवलं. शाळेत शिकवणारी बाई, पैसा तिचा, गाडी तिच्या नावावर. पण शोरूममधला मुलगा सगळं समजावत होता ते तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला, तेही "सर, सर" करत! ही आपली शेजारी बसून कॉफी पीत होती. संध्याकाळी मला फोन केला, "ताई, सात बासष्टला पडतेय. दहा हजार सूट दिलीय म्हणाले. उद्या सही करू का?"

मी म्हटलं, "सही राहू दे. आधी तो कागद घेऊन ये."

कागदावर असं लिहिलं होतं : एक्स-शोरूम किंमत ६,२०,०००, रस्ता-कर ६८,२००, विमा ३८,४००, नोंदणी, नंबरप्लेट व फास्टॅग ३,०००, हाताळणी खर्च ८,५००, ॲक्सेसरीज २१,०००, वाढीव वॉरंटी १२,९००. एकूण ७,७२,०००, वजा सूट १०,०००.

आता हा कागद ओळीओळीनं वाचायचा, जसं आपण वाण्याचं बिल वाचतो तसं.

पहिली ओळ कंपनी ठरवते, तिच्यात जीएसटी आलेला असतो. चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर १८ टक्के झाला आहे. त्याआधी तो २८ टक्के होता, वर उपकर वेगळा. म्हणून कुणी जुना दरपत्रकाचा कागद पुढं केला तर तारीख बघा. दुसरी ओळ सरकारची. आपल्या महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला, ती खाजगी नावावर असेल तर, ११ टक्के एकरकमी कर बसतो. इथं घासाघीस चालत नाही. फक्त गुणाकार करून पाहा, तेवढं पुरे.

खरा बाजार भरतो तो त्याखालच्या ओळींत!

विमा. तो शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी कोणतीही सक्ती नाही. नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावाच लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एकाच वर्षाचा घेतला तरी चालतो. बाहेरून दोन ठिकाणचे आकडे मागवा. मात्र तुलना सारख्याची सारख्याशी करा. गाडीचं विम्यासाठी धरलेलं मूल्य, म्हणजे आयडीव्ही, तेच आहे ना? झीरो डेप दोन्हीकडे आहे ना? नाहीतर हप्ता स्वस्त दिसतो आणि अपघातानंतर भरपाई तोकडी मिळते.

हाताळणी खर्च. हा सरकारी कर नव्हे, विक्रेत्यानं लावलेली रक्कम आहे. "हा कशाचा? पावती कोणत्या नावानं देणार?" एवढंच शांतपणे विचारायचं. बहुतेक वेळा ती ओळ तिथंच गळते.

ॲक्सेसरीज. सीटकव्हर, चकचकीत पट्ट्या, कसलंसं कोटिंग. "पॅकेजच आहे मॅडम," असं म्हणतात. पॅकेज फोडायला सांगा. पायाखालची मॅट आणि मडफ्लॅप घ्या, बाकीचं गावात निवांत पाहा.

वाढीव वॉरंटी. वस्तू वाईट नाही, पण घाई नको. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती घेऊ देतात. उशीर केल्यास दर किती वाढतो, तेवढं विचारून ठेवा.

सूट. ही एक नसते, दोन-तीन असतात. कंपनीची त्या महिन्याची, विक्रेत्याची स्वतःची, आणि शिक्षक, सरकारी नोकर किंवा मोठ्या कंपन्यांतले लोक यांच्यासाठी पुष्कळदा वेगळी. पण ही तिसरी मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आमच्या जाऊबाई वीस वर्षं शाळेत, आणि शोरूममध्ये कुणी विचारलंसुद्धा नाही की तुम्ही काय करता!

जुनी गाडी देऊन नवी घेणार असाल तर नव्या गाडीचा भाव आधी पक्का करा, मगच जुनीचा विषय काढा. दोन्ही एकत्र कालवले की एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं कधी गेलं ते कळत नाही.

मग आम्ही दोघी आणखी एका शोरूममध्ये जाऊन त्याच गाडीचा, त्याच मॉडेलचा लेखी आकडा घेऊन आलो, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा पहिल्या ठिकाणी गेलो. महिनाअखेर आणि वर्षअखेर विक्रेत्यांना ठरलेला आकडा गाठायचा असतो. दसऱ्याला, पाडव्याला आपण मुहूर्तासाठी धावतो, तेव्हा त्यांनी आपल्यामागं धावायची गरजच नसते. मुहूर्त हवाच असेल तर सौदा महिनाभर आधी उरका.

वर्षअखेरीची एक मेख मात्र लक्षात ठेवा. "नोंदणी जानेवारीत करू, गाडी नव्या वर्षाची होईल," असं सांगतात. तसं होत नाही. गाडी कोणत्या महिन्यात, वर्षात तयार झाली ते नोंदणीपुस्तकात लिहिलेलं असतं, आणि पुढं विकताना गिऱ्हाईक तेच बघतं. सरत्या वर्षाची गाडी जरूर घ्या, पण त्या बदल्यात सूट जास्त मागा.

तर त्या दिवशी मुलगा पुन्हा "सर" करून पुतण्याकडं वळला. जाऊबाई म्हणाली, "अहो, चेक मी देणार आहे. मला सांगा." बस्स, एवढंच वाक्य! आवाज चढवला नाही, पण त्यानंतर त्यानं खुर्ची तिच्याकडं फिरवली. तिनं दुसरीकडचा कागद पुढं ठेवला आणि म्हणाली, "मला सूट किती ते सांगू नका. सगळं धरून गाडी रस्त्यावर किती पैशांत येईल, तो एकच आकडा सांगा."

एकदा तर उठावंही लागलं. "मग राहू द्या, येते मी," म्हणून ती दारापर्यंत गेली. व्यवस्थापकसाहेब मागून आले. मंडईत काय वेगळं होतं हो?

अखेर विमा ३०,४०० वर आला, हाताळणी खर्च गेला, ॲक्सेसरीज ४,००० च्या घेतल्या, वॉरंटी पुढं ढकलली आणि सूट दहाची पंचवीस हजार झाली. एकूण ७,००,६००. म्हणजे ६१,४०० रुपये कमी. वॉरंटीचे १२,९०० पुढंमागं द्यायचे म्हणून सोडले, तरी ४८,५०० उरलेच. दीरांच्या कित्येक महिन्यांच्या उपचारांची सोय त्यात झाली.

कर्ज काढणार असाल तर "महिन्याला फक्त एवढेच" या शब्दांना भुलू नका. पाच लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण १०,३८० बसतो. सात वर्षांसाठी घेतले तर ८,०४५. हप्ता हलका वाटतो खरा, पण व्याज जवळजवळ ५३,००० नी जास्त जातं. घासाघीस करून मिळवलेलं सगळं तिथंच वाहून जाईल! व्याज घटत्या शिलकीवर आहे की सरसकट, हेही विचारा. सरसकट ७ टक्के कानाला गोड लागतात, पण पाच वर्षांच्या कर्जात घटत्या शिलकीच्या हिशेबानं ते साडेबारा टक्क्यांच्या वर जातात. शोरूममध्ये होकार देण्याआधी आपल्या बँकेत एक चक्कर मारा.

ठरलं की सगळं कागदावर घ्या : मॉडेल, रंग, एकूण रक्कम, गाडी मिळण्याची तारीख आणि रद्द केल्यास बयाणा परत मिळण्याची अट. बयाणा थोडाच द्या, चेकनं द्या, पावती घ्या. नोंदणी व्हायच्या आधी गाडी दिवसाउजेडी पाहून घ्या. एकदा नंबर पडला की ती तुमची, ओरखड्यांसकट.

आणि हो, न्याय दोन्ही बाजूंनी हवा. ज्या गाडीला महिनोन्‌महिने नंबर लागलेत तिच्यावर मोठी सूट मिळणार नाही, तिथं रागावू नये. समोरचा मुलगाही नोकरीच करतो, त्यालाही महिनाअखेरीची धास्ती आहे. जाऊबाईनं गाडी घ्यायला जाताना त्याच्यासाठी पेढे नेले होते, आणि त्यानं हसत एक छत्री भेट दिली.

आता ती स्वतः चालवायला शिकलीय. परवा दीरांना घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि हॉर्न वाजवून म्हणाली, "ताई, चला मंडईत. आज गवार मी घेते, भाव तुम्ही करा!"