भाडे परत केल्याने जबाबदारी संपत नाही

दिवाळीची वा उन्हाळ्याची सुटी लागली की मध्यमवर्गीय कुटुंबे मुलाबाळांसह घराबाहेर पडतात. कोणी कुलदैवताच्या दर्शनाला जातात, कोणी थंड हवेच्या ठिकाणी, तर कोणी कोकणच्या किनाऱ्यावर. मुक्काम अर्थातच हॉटेलात किंवा लॉजमध्ये असतो. तेथील गादीत ढेकूण असले, पाण्याची टाकी महिनोन्‌महिने धुतलेली नसली, मोरी तुंबलेली असली आणि त्यापायी बरोबरचे मूल आजारी पडले, तर जबाबदारी कोणाची? व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर ठरून गेले आहे. व्यवस्थापक खोली बदलून देतो. पालकांनी फारच आवाज चढवला तर एका दिवसाचे भाडे परत करतो. आणि प्रकरण मिटले असे उभयपक्षी समजले जाते. हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने अपुरे आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने घातक आहे. नुकसानभरपाईचे माप खोलीचे भाडे हेच राहील, तोवर अस्वच्छता हा हॉटेलचालकाला किफायतशीर सौदाच राहणार.

मूल हाही ग्राहकच

खोलीचे पैसे बाप भरतो, नोंदवहीत सही त्याची असते. मग मुलाचा हॉटेलशी संबंध काय, असा युक्तिवाद होऊ शकतो. तो टिकणारा नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या, २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने, सेवेचे पैसे देणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणाऱ्यालाही ग्राहक मानले आहे. दिल्लीतील एका रुग्णालयात चुकीच्या इंजेक्शनमुळे एका बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्या प्रकरणी १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने मूल आणि आईवडील या दोघांनाही ग्राहक ठरवले. मुलाला साडेबारा लाख रुपये आणि पालकांना त्यांच्या मनस्तापाबद्दल स्वतंत्रपणे पाच लाख रुपये देण्याचा आदेश कायम झाला. हा निकाल रुग्णालयाबाबतचा असला, तरी त्यातील तत्त्व हॉटेलच्या खोलीलाही तितकेच लागू पडते.

किंबहुना मुलाच्या बाबतीत काळजीचे प्रमाण अधिक असले पाहिजे. रांगते मूल फरशीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. जुलाब-उलट्यांनी प्रौढ माणूस अशक्त होतो, तर लहान मुलाच्या शरीरातील पाणी काही तासांतच धोक्याच्या पातळीखाली जाते. ओलीमुळे धरलेली बुरशी दम्याच्या मुलाला रात्रभर बसवून ठेवते. इंग्लंडने १९५७ साली जागेच्या ताबेदारांच्या दायित्वाविषयी जो कायदा केला, त्यात मुले प्रौढांइतकी सावध नसतात हे गृहीत धरूनच ताबेदाराने वागले पाहिजे, असे स्पष्ट नमूद केले आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. पण ‘कुटुंबासाठी खोली’ अशी पाटी लावणाऱ्याने मूल येणार हे गृहीत धरलेलेच असते.

अस्वच्छतेचे अर्थशास्त्र

बाजारपेठ स्वतःच वाईट हॉटेलांना शिक्षा करील, ही अपेक्षा येथे फोल ठरते. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तेथे निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजाराबाहेर ढकलतो. हॉटेलची खोली हा असाच माल आहे. वरची चादर दिसते, गादीची शिवण दिसत नाही. नळ दिसतो, गच्चीवरची टाकी दिसत नाही. शिवाय तीर्थक्षेत्री येणारा पाहुणा बहुधा एकदाच येतो. तो पुन्हा आला नाही, तरी रिकामी खोली दुसऱ्या दिवशी दुसरा घेतो. अलीकडे इंटरनेटवर पाहुण्यांचे अभिप्राय वाचायला मिळतात, त्यांचा काही उपयोग होतो हे खरे. परंतु घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी मुलाला आलेल्या तापाचा संबंध टाकीतल्या पाण्याशी जोडणारे पालक थोडेच.

दंड क्षुल्लक असला की काय होते, याची साक्ष जुना इतिहास देतो. ब्रिटिश अमदानीतील १८६७ च्या सराई कायद्याने खोल्या, विहिरी आणि गटारे स्वच्छ ठेवण्याचे बंधन सराईच्या चालकावर घातले होते. ते मोडल्यास दंड जास्तीत जास्त वीस रुपये आणि पुढे दररोज एक रुपया. रुपयाची किंमत तेव्हा मोठी होती हे मान्य केले, तरी रकमेचा आकडा कायद्यात एकदा गोठला की काळाच्या ओघात दंड भरणे हेच सफाईपेक्षा स्वस्त ठरते.

उलट दिशेचे उदाहरण अमेरिकेतील आहे. शिकागोतील एका मोटेलमध्ये ढेकूण झाल्याचे १९९८ सालीच लक्षात आले होते. कीडनियंत्रण कंपनीने सर्व खोल्यांवर फवारणी करण्यासाठी अवघे पाचशे डॉलर मागितले. मोटेलने नकार दिला. नोकरांना सूचना होती, की पाहुण्यांशी बोलताना ढेकणांना गोचीड म्हणावे! ‘उपचार होईपर्यंत भाड्याने देऊ नये’ अशी नोंद असलेली खोलीही २००० साली एका भावाबहिणीला देण्यात आली. ज्यूरीने त्या दोघांना प्रत्येकी पाच हजार डॉलर भरपाई आणि एक लाख शहाऐंशी हजार डॉलर दंडात्मक भरपाई दिली. २००३ साली अपील न्यायालयाने ती कायम केली. न्यायमूर्ती रिचर्ड पॉस्नर यांचा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. अपराधी दोनपैकी एकदाच सापडत असेल, तर सापडेल तेव्हा त्याला दुप्पट भरावे लागले पाहिजे. अन्यथा न सापडलेल्या अपराधांचा नफा त्याच्याच खिशात राहतो. शंभर कुटुंबांपैकी एकच तक्रार करते आणि तिला एका दिवसाचे भाडे मिळते, तेव्हा उरलेल्या नव्याण्णवांचा हिशेब कोणी मांडत नाही.

पुराव्याचे ओझे

खरी अडचण पुराव्याची आहे. मूल आजारी पडले ते खोलीमुळे की रस्त्यावरच्या भेळेमुळे, असा प्रश्न हॉटेलचा वकील विचारणारच. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या ताब्यात दिलेली पाहुण्याची मोटार १९९८ साली चोरीला गेली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ‘मालकाच्या जोखमीवर’ असे पावतीवर छापून हॉटेल स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटू शकत नाही, आणि योग्य काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार हॉटेलवर आहे. मोटारीला मिळणारे हे संरक्षण मुलाला नसावे, असे कोण म्हणेल? टाकी कधी धुतली, फवारणी कधी झाली, चादरी कधी बदलल्या, याच्या नोंदी हॉटेलपाशीच असतात. खोलीची घाण आणि मुलाचे आजारपण या दोन गोष्टी पालकांनी दाखवल्या, की पुढचा खुलासा नोंदवह्यांसह हॉटेलने करावा, हाच न्याय्य मार्ग होय.

आक्षेप आणि उत्तर

असे झाल्यास गरिबांचे स्वस्त लॉज बंद पडतील, हा पहिला आक्षेप. परंतु टाकी धुणे, गादी उन्हात घालणे, मोरी मोकळी ठेवणे यांचा खर्च भरपाईच्या भीतीपुढे नगण्य आहे. पंचतारांकित हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात जायबंदी झालेल्या एका परदेशी पाहुण्याच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ साली, जास्त दर घेणाऱ्याची जबाबदारीही जास्त, असे म्हटले होते. तो निकाल अपिलात टिकला नाही. मात्र त्या विचाराची उलटी बाजू कोणी मांडू नये. भाड्याप्रमाणे गालिचा बदलावा, पाण्याची शुद्धता बदलू नये.

दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा, आणि तो निराधार नाही. ब्रिटनमध्ये परदेशी सहलीत पोट बिघडल्याच्या बनावट दाव्यांचे पेव फुटले, तेव्हा २०१७ साली दावेदारांना तुरुंगवास झाला आणि २०१८ साली अशा दाव्यांतील वकिली खर्चावर मर्यादा घालावी लागली. यावर उपाय दाव्याचे दार बंद करणे हा नव्हे. मुक्कामातच केलेली लेखी तक्रार, छायाचित्रे आणि डॉक्टरांचा कागद यांचा आग्रह धरणे हा आहे.

आपल्या कायद्यात साधनांची वाण नाही. तक्रार पालकांना आपल्या राहत्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते. दिलेले भाडे पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. दंडात्मक भरपाईचा अधिकार जिल्हा आयोगाला आहे. ज्यांची ओळख पटवणे सोयीचे नाही अशा असंख्य ग्राहकांचे नुकसान झाले असेल, तर सेवेच्या मूल्याच्या किमान पंचवीस टक्के रक्कम भरायला लावण्याची तरतूदही आहे. तक्रार न केलेल्या नव्याण्णव कुटुंबांचा हिशेब मांडायला तिचा आधार घेता येईल. हे अधिकार आयोगांनी सढळपणे वापरले पाहिजेत, आणि परवाना देणाऱ्या नगरपालिकांनी टाकी व फवारणीच्या तारखा स्वागतकक्षात लावण्याची सक्ती केली पाहिजे. पालकांनीही परत मिळालेले भाडे खिशात घालण्यापूर्वी एवढा विचार करावा, की त्याच गादीवर उद्या दुसऱ्या कोणाचे मूल झोपणार आहे.