सर्व्हर त्यांचा, लायसन्स कोणाचं?

रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर आणि दौंड तालुक्यातलं कुरकुंभ इथल्या लहान पुरवठादारांना एक सल्ला छातीठोकपणे दिला जातो. ऑफिसातला सर्व्हर काढून टाका, टॅली आणि एक्सेल होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर न्या, महिन्याला माणशी ठरलेली रक्कम भरा, लायसन्सची कटकट कायमची मिटली. युक्तिवाद सरळ आहे: यंत्र त्यांचं, विंडोज त्यांचं, तेव्हा लायसन्स बघणंही त्यांचंच, आणि काही चुकलंच तर शिरूरच्या दहा माणसांच्या कारखान्यात तपासायला येतो कोण? सर्व्हर बाहेर नेण्याला माझा विरोध नाही. वीज जाते, बॅकअप घ्यायचा राहून जातो, सर्व्हर सांभाळायला माणूस मिळत नाही. हे काम जाणत्याकडे सोपवणं शहाणपणाचंच आहे. पण सर्व्हरबरोबर जबाबदारीही घराबाहेर गेली, हे सांगणं दिशाभूल आहे, आणि ते सांगणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागत नाही.

‘पैसे मोजलेत, आता कुठेही चालवू’ हा त्यातला जुना सूर. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तयार सॉफ्टवेअर विक्रीकरापुरतं ‘माल’ ठरवलं, त्याचा आधार अजून दिला जातो. तो निकाल कराचा होता. त्याच न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी, तोही कराच्याच वादात, स्पष्ट केलं की असं सॉफ्टवेअर घेणाऱ्याकडे कॉपीराइट येत नाही, ठरलेल्या अटींवर वापरण्याचा मर्यादित हक्क येतो. मग त्या अटी वाचल्याशिवाय ‘कुठेही’ म्हणता येत नाही.

आता मुख्य मुद्दा, ‘होस्टिंगवाला बघेल’. विंडोज सर्व्हरचं लायसन्स २०१६ च्या आवृत्तीपासून यंत्राच्या प्रोसेसरमधल्या कोअरवर मोजलं जातं; एका सर्व्हरला किमान १६ कोअर धरावेच लागतात, आणि स्टँडर्ड आवृत्तीत सगळे कोअर भरल्यावर दोन व्हर्च्युअल मशिनचा हक्क मिळतो. त्याला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा उपकरणासाठी कॅल, म्हणजे जोडणीचं वेगळं लायसन्स, लागतं. दुरून पडदा उघडून टॅली चालवायची तर रिमोट डेस्कटॉपचं कॅल आणखी वेगळं. हे सगळं स्वतःच्या धंद्यासाठी. तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या धंद्यांना भाड्याने द्यायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचा सेवापुरवठादारांसाठी निराळा करार आहे, स्पला. त्यात पुरवठादार दर महिन्याला वापर कळवतो आणि रिमोट डेस्कटॉपसाठी माणशी रक्कम भरतो. आपल्या ऑफिससाठी घेतलेलं साधं लायसन्स त्याला चार गिऱ्हाइकांत वाटता येत नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि मालकाची परवानगीही नाही, त्याच्याकडून केडगावात कोणी खंडाने जमीन घेईल का? सर्व्हर घेताना मात्र कागद मागायचा नाही, असा हा सल्ला आहे. एक्सेलचंही तेच. सामायिक सर्व्हरवर ते चालवण्याचा हक्क मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या प्रत्येक योजनेत येत नाही. कारकुनाच्या लॅपटॉपवरची योजना तिथे आपोआप लागू होते असं समजून चालणाऱ्यांनी आपली योजना उघडून पाहावी.

लायसन्स न घेतलेलं लपत नाही, कारण ते यंत्राच्या वागण्यात उतरतं. विंडोज सर्व्हर फक्त देखभालीसाठी दोन रिमोट जोडण्या देतो. रिमोट डेस्कटॉपची भूमिका बसवली की कॅलशिवाय १२० दिवस सवलत मिळते, मग जोडण्या नाकारल्या जातात. चाचणीसाठीची सर्व्हरची प्रत १८० दिवसांनी दर तासाला बंद पडू लागते. स्वस्तात विकणारे काही जण ही मुदत पुन्हा पुन्हा शून्यावर आणतात किंवा विंडोजची फाइल बदलून जोडण्यांची मर्यादा उठवतात. बाहेरचं रिमोट सॉफ्टवेअर घातलं की कॅल लागत नाही, असंही सांगितलं जातं. ते खोटं आहे, पडदा कोणत्याही साधनाने दाखवला तरी कॅल लागतंच. सगळ्यात मोठं नुकसान याच्यापुढे होतं. सुरक्षेचं अपडेट आलं की बदललेल्या फाइलच्या जागी मूळ फाइल येते आणि जोडण्या तुटतात, म्हणून असा पुरवठादार अपडेटच बंद ठेवतो. मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधलं ब्लूकीप हे भगदाड जाहीर झालं. त्यातून पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. इंटरनेटकडे तोंड करून असलेल्या, अपडेट न होणाऱ्या सर्व्हरवर तुमची खातेवही, ग्राहकांची यादी, कामगारांचे पगार असतात. आणि २०२३ च्या ऑगस्टपासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना इतर धंद्यांना माल विकताना ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. जोडणी नाकारली गेली की बिल निघत नाही, बिलाशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही. फटका होस्टिंगवाल्याला बसत नाही.

‘कायदा त्याला पकडेल’ हेही अर्धसत्य. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब, प्रत बेकायदा आहे हे जाणून ती संगणकावर वापरणाऱ्यासाठी आहे: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. यावर चतुर उत्तर येतं, की विचारलंच नाही तर ‘जाणून’ कसं ठरेल? कैदेपुरतं ते टिकेलही. पण कलम ५५ खाली अजाण वापर करणाऱ्यावरही मनाईहुकूम निघू शकतो, आणि चालू धंद्याला मनाईहुकूम पुरेसा आहे. शिवाय कंपनी असाल तर कंपनी लेखा नियमांनी ओझं आधीच तुमच्यावर टाकलं आहे: हिशेबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा, आणि सेवा देणाऱ्याचं नाव, आयपी पत्ता, ठिकाण दरवर्षी कंपनी निबंधकाला कळवायचं. कायदा पुरवठादाराचं नाव तुम्हालाच विचारतो, तर त्याचा परवाना तुम्ही विचारू नये हे कोणत्या न्यायाने?

‘लहानाला कोण विचारतो’ याला उत्तर द्यायची गरज नाही. न पकडलं जाणं म्हणजे हक्क नव्हे.

दुसऱ्या टोकाला ‘सगळं ओपन सोर्स करा, परवानाच नको’ म्हणणारे आहेत. फुकट व मुक्त यांचा घोळ अजून मिटत नाही. ओपन सोर्समधला जीपीएल हाही परवानाच आहे. त्याखालचं सॉफ्टवेअर बदलून नुसतं होस्ट केलं तर सोर्स कोड द्यावा लागत नाही. २००७ च्या एजीपीएलमध्ये तो वापरणाऱ्यांना द्यावा लागतो. मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीने २०१८ मध्ये परवाना बदलला तो होस्टिंगवाल्यांना आवरण्यासाठीच. तरीही मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे, त्यात माणशी परवाना मोजावा लागत नाही, आणि दहा-पंधरा माणसांच्या कारखान्याने तो पर्याय नक्की तपासावा.

मग करायचं काय? होस्टिंगवाल्याकडून त्याच्या लेटरहेडवर लिहून घ्या: विंडोज आणि रिमोट डेस्कटॉप स्पलाखाली आहेत का, तुमच्या किती माणसांचा वापर तो दरमहा कळवतो, ऑफिस कोणत्या हक्काने बसवलं आहे, अपडेट कधी केले जातात. तुमचं स्वतःचं एसक्यूएल सर्व्हर हे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर नेणार असाल तर त्यावर सॉफ्टवेअर अॅश्युरन्स ही लायसन्सवरची जोडयोजना चालू आहे का ते आधी पाहा. एकदाच विकत घेतलेल्या लायसन्सवर ती नसेल तर सामायिक यंत्रावर ते नेता येत नाही. प्रामाणिक पुरवठादाराचा दर यामुळे जास्त दिसेल. तो जास्त आहे कारण त्यातले पैसे परवान्याला जातात. पुढचं बिल भरण्याआधी हे पत्र मागा, आणि जो ते द्यायला तयार नाही त्याच्याकडून आपला डेटा उतरवून घ्या.