आडनाव मैदानाबाहेर ठेवा

बीड जिल्ह्यातली क्रीडा मंडळं, स्पर्धा भरवणारे तरुण, पंच, समालोचक आणि मैदानाच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवणारा प्रत्येक माणूस, या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. दिवाळी झाली की आपल्याकडे हंगाम सुरू होतो. सोयाबीन निघालेलं असतं, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या असतात आणि मागे राहिलेल्या गावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा, कबड्डीचे सामने, जत्रेतल्या कुस्त्या एकामागून एक लागतात. अंबाजोगाईपासून आष्टीपर्यंत कुठे ना कुठे चषक असतोच. या हंगामातली पहिली नाणेफेक होण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: प्रेक्षकांतून खेळाडूच्या जातीवर, धर्मावर, रंगावर किंवा त्याच्या मर्दपणावर आरोळी आली, तर खेळ तिथल्या तिथे थांबेल.

हे आत्ताच का सांगायचं, ते बीडकरांना वेगळं समजावण्याची गरज नाही. ३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगावात आणि बीड शहरात लोकप्रतिनिधींची घरं पेटली, जिल्ह्यात संचारबंदी लागली. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. त्यानंतर भाषणांत आणि मोबाईलवरच्या रीलमध्ये माणूस आधी आडनावानं मोजला जाऊ लागला. कोण कुठल्या हॉटेलात चहा पितो, कोणाच्या दुकानातून किराणा भरतो, इथपर्यंत गोष्टी गेल्या. २०२५ मध्ये बीडच्या पोलीस दलानं एक साधं पाऊल उचललं. कर्मचाऱ्यांच्या नावाच्या पट्टीवरून आडनाव काढलं आणि एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायची पद्धत सुरू केली. खाकी वर्दीवरून आडनाव उतरलं; मैदानाभोवतीच्या गर्दीत मात्र ते रोज अधिक मोठ्यानं ओरडलं जातंय.

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी मी सामना बघत होतो. चुन्याच्या फक्कीनं आखलेली सीमारेषा, तिच्यामागे उभी ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रॉलीत दाटीवाटीनं बसलेली पोरं. समोर लाँगऑनला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. त्याच्या हातून झेल सुटला. आधी हशा झाला. मग त्याच्या आडनावाची आरोळी आली, मग त्या आडनावाला चिकटवलेला त्याच्या आजा-पणजाचा धंदा, मग आरक्षण, मग आई. पुढची दोन षटकं हेच चाललं होतं. मुलगा एकदाही मागे वळला नाही. फक्त दर चेंडूला तो दोन पावलं आत सरकत होता, आवाजापासून लांब. शेवटी त्याच्यामागची सीमारेषा उघडी पडली, चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि चौकार बसला. कर्णधारानं सगळ्यांदेखत त्यालाच झापलं. समालोचकाच्या हातात माइक होता, आवाज अख्ख्या गावात पोहोचत होता. त्यानं त्या ट्रॉलीला उद्देशून एक शब्द उच्चारला नाही.

कबड्डीत याचं दुसरं रूप दिसतं. चढाईपटू रिकाम्या हातानं परतला की ‘बांगड्या भर’, ‘बायल्या’, आणि त्यापुढे तृतीयपंथीयांच्या नावानं ज्या शिव्या आहेत त्या सगळ्या. त्याच वेळी कडेला पुढच्या सामन्यासाठी मुलींचा संघ बूट बांधत बसलेला असतो. हातात बांगड्या असणं म्हणजे नामर्दपणा, हे त्या मुलींनी त्याच मैदानावर, खेळायला उतरण्याच्या पाच मिनिटं आधी ऐकायचं! आणि ज्या मुलाला मनातून कळलेलं आहे की आपण चारचौघांसारखे नाही, त्यानं काय करायचं? तो मुकाट्यानं खेळ सोडतो. तो का सोडला हे कोणी विचारत नाही. बीड पोलीस दलातले ललित साळवे माजलगाव तालुक्यातल्या राजेगावचे. स्त्री म्हणून भरती झालेल्या साळवे यांनी सरकारशी झगडून परवानगी मिळवली, २०१८ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुरुष म्हणून ते पुन्हा त्याच नोकरीत रुजू झाले. खात्यानं जागा दिली. ज्या जिल्ह्यात हे घडू शकतं, त्या जिल्ह्याच्या मैदानांवर या शिव्या घोषणा म्हणून चालाव्यात, हे मला सहन होत नाही.

‘खेळात एवढं चालायचंच’ असं म्हणणारे खूप भेटतात. काय चालायचं ते नीट बघू. प्रतिस्पर्ध्याला डिवचणं हा खेळाचा भाग आहे. गोलंदाजाला ‘दमला, दमला’ म्हणा, पकडीला घाबरणाऱ्याला घाबरट म्हणा, झेल सोडला तर खुशाल हुर्यो करा. त्यानं मैदानात जे केलं त्यावर बोलायचा प्रेक्षकाला पूर्ण हक्क आहे. तो कोणाच्या पोटी जन्मला, त्याचा देव कोणता, त्याचा रंग कोणता, यातलं काहीही त्यानं मैदानात केलेलं नाही.

हे दुखणं एकट्या बीडचं नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्सला बघून वडोदऱ्यात आणि पाठोपाठ आपल्या वानखेडेवर लोकांनी माकडाचे आवाज काढले. मुंबईत चार प्रेक्षकांवर पोलिसांना कारवाई करावी लागली. मार्च २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात सेव्हन्स फुटबॉल खेळायला आलेल्या आयव्हरी कोस्टच्या खेळाडूनं पोलिसांत तक्रार दिली, की प्रेक्षकांनी आपल्याला वर्णावरून शिव्या दिल्या, दगड मारले आणि मारहाण केली. जुलै २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो आणि साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या आणि रात्र संपायच्या आत त्यांच्या काळ्या रंगावरून शिव्यांचा पाऊस पडला. त्यानंतर महिनाभरात आपण तेच केलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये हॉकीपटू वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. चारच दिवसांनी उपांत्य सामन्यात संघ अर्जेंटिनाकडून हरला, तेव्हा हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजवून तिच्या कुटुंबाला जातीवरून शिव्या दिल्या गेल्याची तक्रार झाली. जिंकली तेव्हा ती देशाची लेक होती. हरल्यावर तिची जात निघाली.

आपल्या मराठी मुलखात तर हा हिशेब शंभर वर्षांहून जुना आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले फिरकी गोलंदाज. पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर संघ जिंकायचा आणि चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं आणि त्या वर्षी संघ जिंकला. चहाचं ते वेगळं भांडं आज कोणी ठेवत नाही. पण ट्रॉलीवरून येणारी आरोळी खेळणाऱ्या पोराला त्याच पॅव्हेलियनबाहेर उभं करते.

आता उपायाकडे येतो, कारण नुसती हळहळ करण्यासाठी हे लिहिलेलं नाही. जानेवारी २०२१, सिडनी कसोटी. सीमारेषेवर उभ्या असलेल्या मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून शिव्या आल्या. तो तडक कर्णधाराकडे गेला. कर्णधार होता अजिंक्य रहाणे, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यातला. रहाणेनं ‘दुर्लक्ष कर, खेळावर लक्ष दे’ असं म्हटलं नाही. तो त्याला घेऊन पंचांकडे गेला. खेळ थांबला, पोलीस त्या प्रेक्षकांपर्यंत गेले, सहा जणांना बाहेर काढलं आणि मगच पुढचा चेंडू पडला. मैदान सोडून जायची मुभा भारतीय संघाला होती. संघ थांबला आणि खेळला. आमची चूक नाही, आम्ही का जायचं, ही ती भूमिका. त्या दिवशी जो खेळाडू ऐकत होता तो बोलला, जो कर्णधार होता त्यानं ऐकून घेतलं आणि ज्यांच्या हातात सामना होता त्यांनी तो थांबवला. एवढंच आपल्याकडे होत नाही. फुटबॉलमध्ये तर याचे टप्पे ठरलेले आहेत. आधी सामना थांबवून जाहीर सूचना, मग दोन्ही संघ काही वेळ आत, आणि तरीही थांबलं नाही तर सामना रद्द. यासाठी मोठं स्टेडियम लागत नाही. एक शिट्टी आणि एक माइक पुरतो, आणि हे दोन्ही आपल्या प्रत्येक स्पर्धेत असतं.

समालोचकांनो, सगळ्यात मोठी जबाबदारी तुमची. गर्दी पंचाचं ऐकेल न ऐकेल, तुमचा आवाज ऐकते. पहिली आरोळी आली की खेळाचं बोलणं थांबवा आणि स्पष्ट सांगा की हे चालणार नाही. कर्णधारांनो, तुमच्याच गावची पोरं ओरडत असतील तर तुम्हीच सीमारेषेवर जा; विरुद्ध संघाच्या कर्णधाराला जावं लागणं ही तुमची नामुष्की आहे. संघाचे कपडे शिवायला टाकताना पाठीवर आडनाव छापू नका. पहिलं नाव आणि क्रमांक पुरे. ज्या नेत्यांच्या नावानं चषक आहेत त्यांनी बक्षीस समारंभाला येण्याआधी आयोजकांना एकच प्रश्न विचारावा, मैदानावर हा नियम आहे का. नसेल तर चषकाला नाव देऊ नये.

ट्रॉलीवरच्या पोरांशीही बोलायचं आहे, कारण तीही आपलीच आहेत. तुमच्यातले कितीतरी जण पहाटे अंधारात रस्त्यावर धावता, पोलीस भरतीची आणि सैन्याची तयारी करता. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी दिली तर ॲट्रॉसिटी कायद्यानं सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तृतीयपंथी व्यक्तीला शब्दानं छळलं तर २०१९ च्या कायद्यानं सहा महिने ते दोन वर्षं. जाती-धर्मांत तेढ लावणाऱ्या बोलण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, प्रत्येक आरोळीचा व्हिडिओ होतो आणि भरतीच्या चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला की चार वर्षांचं धावणं पाण्यात जातं. पण मला तुम्हाला खटल्याच्या भीतीनं गप्प करायचं नाही. लाँगऑनला उभा असलेला मुलगाही पहाटे त्याच रस्त्यावर धावतो, हे लक्षात घ्या.

६ फेब्रुवारी २०२४ ला बेनोनीत एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे चार गडी ३२ धावांत गेले होते. तेव्हा बीडच्या सचिन धसनं ९६ धावा काढल्या, राजस्थानात जन्मलेल्या उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दोन गडी राखून जिंकला. त्या रात्री बीडमध्ये फटाके सगळ्या गल्ल्यांत वाजले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पॅरिसला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला, तेव्हाही सगळा जिल्हा जागा होता. आपल्याला हे जमतं. ते फक्त जिंकल्याच्या रात्रीपुरतं नको.

म्हणून आयोजकांना शेवटची विनंती. तुमच्या स्पर्धेचं पत्रक अजून छापायला गेलं नसेल, तर प्रवेश फी आणि बक्षिसांच्या खाली हा नियम आजच घाला. गेलं असेल तर व्हॉट्सॲपवर फिरवा आणि पहिल्या सामन्याआधी माइकवरून वाचून दाखवा: ‘जात, धर्म, वर्ण, लिंग यांवरून शेरेबाजी झाल्यास पंच सामना थांबवतील. दुसऱ्यांदा झाल्यास दोन्ही संघ मैदानाबाहेर येतील आणि ओरडणाऱ्यांना बाहेर काढल्यावरच खेळ सुरू होईल. तिसऱ्यांदा झाल्यास ज्या संघाच्या समर्थकांनी शेरेबाजी केली, तो संघ स्पर्धेतून बाद.’