पाणलोटाचा हिशोब कोण ठेवणार?

धरणाचा विचार करताना आपली दृष्टी भिंतीपाशीच थांबते. कोयनेच्या भिंतीची उंची १०३ मीटर, जलाशयाची क्षमता १०५ टीएमसी, वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॉट, हे आकडे आपण अभिमानाने सांगतो. परंतु या भिंतीमागे सुमारे ८९२ चौरस किलोमीटरांचा जो पाणलोट पसरला आहे, तो या प्रकल्पाचे मूळ भांडवल होय, ही गोष्ट कोणत्याही ताळेबंदात नोंदली जात नाही.

महाबळेश्वरी उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या कण्याला समांतर अशी दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेस मिळते. वाटेत तापोळ्यापाशी सोळशी आणि कांदाटी तिला येऊन मिळतात. या चिंचोळ्या खोऱ्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत; कऱ्हाडला पोहोचेतो तो सातशेच्या घरात येतो. माथ्यावर जांभ्याचे सडे, खाली काळ्या पाषाणाचे थर. या पाषाणात पाणी मुरते ते भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून. तेथवर पोहोचण्यास पाण्याला उसंत लागते, आणि ती उसंत जंगल देते. अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या छायेतील पालापाचोळा सरींचा मारा झेलतो, मुळांच्या वाटांनी पाणी खोल उतरते आणि माती जागेवर राहते. म्हणूनच पावसाळा सरल्यावरही झरे वाहतात आणि जलाशयात गाळ कमी येतो.

अर्थात जंगलाविषयी भाबडेपणा नको. झाडे पाणी पितातही. आणि माती एकदा पूर्ण भिजली की घनदाट वनही अतिवृष्टीला अडवू शकत नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडींखाली माणसे गाडली गेली. यावरून वन निरुपयोगी ठरत नाही. हे उतार मुळातच किती नाजूक तोलावर उभे आहेत, एवढे मात्र सिद्ध होते. असे उतार कापण्यापूर्वी शंभरदा विचार करावयास हवा.

आणि आपण नेमके उलट करीत आहोत. सातारा जिल्ह्यातील २३५ गावांच्या परिसरात ‘नवीन महाबळेश्वर’ उभारण्यासाठी २०१९ मध्ये रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. जुन्या महाबळेश्वरची गर्दी, कचरा आणि पाणीटंचाई डोळ्यांसमोर असताना तोच कित्ता कोयनेच्या माथ्यावर गिरवावयाचा काय?

या खोऱ्यातील माणसांनी तर किंमत आधीच मोजली आहे. धरणासाठी सुमारे शंभर गावे उठली. काही कुटुंबे पाण्याबरोबर वर सरकत डोंगरावर गेली, आणि १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झाल्यावर स्वतःच्याच भूमीत उपरी ठरली. सहा दशकांनंतरही धरणग्रस्तांना जमिनीसाठी धरणे धरावी लागली आहेत. गावकऱ्याला गुरे चारावयास बंदी आणि धनिकाच्या बंगल्यासाठी डोंगर सपाट, असे दोन न्याय एकाच पाणलोटात नांदू शकत नाहीत.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कोयनेच्या विजेच्या उत्पन्नाचा ठराविक वाटा पाणलोटाच्या रक्षणासाठी आणि तेथील गावांसाठी राखून ठेवावा. झरे व उतार यांचे नकाशे तयार होऊन ग्रामसभांपुढे मांडले जाईपर्यंत कोणताही विकास आराखडा अमलात आणू नये. आणि धरणग्रस्तांचे पुनर्वसन आधी पुरे करावे. वीज साऱ्या महाराष्ट्राने वापरली आहे. तेव्हा ज्या डोंगराने ती दिली आणि ज्यांनी त्यासाठी घरे सोडली, त्यांचे देणे फेडण्याची जबाबदारीही साऱ्या महाराष्ट्राचीच आहे.