बाटलीतली भूल मोजायची कशी?

मध्यंतरी माझ्या भाचीची दाढ काढावी लागली. दाढ दुधाचीच, पण किडलेली आणि महाहट्टी. डॉक्टरांनी हिरडीत बारीकसं इंजेक्शन दिलं, पाच मिनिटं तिला शाळेच्या गप्पांत गुंतवलं आणि ‘झालं सुद्धा!’ म्हणत दाढ काढून तिच्यासमोर धरली. रिक्षातून घरी येताना बाईसाहेब अर्ध्या बधिर तोंडाने मला विचारतात, “मामा, त्या बाटलीत नुथतं पाणी अथतं तर?”

प्रश्न बिनतोड आहे. भुलीचं हे औषध दिसायला थेट पाण्यासारखंच. त्याचं नाव लिग्नोकेन. बऱ्याच देशांत त्याला लिडोकेन म्हणतात. तुमच्या आईबाबांनी ‘झायलोकेन’ हे नाव ऐकलं असेल, ते त्याचंच बाजारातलं एक नाव. आपल्या मज्जातंतूंवर अतिसूक्ष्म दारं असतात. त्यांतून सोडियमचे कण आत घुसले की ‘दुखतंय!’ हा निरोप पुढे सरकतो. लिग्नोकेन त्या दारातच ठाण मांडून बसतं. दाढ ओढली जाते, पण मेंदूला निरोपच पोचत नाही.

बाटलीत औषध कमी असेल तर काय होईल, हे सांगायला नको. पण जास्त असेल तर? तशीच दारं मेंदूत आणि हृदयातही असतात. औषध रक्तात फार झालं तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून डॉक्टर वजनाचा हिशेब करतात. नुसतं लिग्नोकेन द्यायचं असेल, तर साधारणपणे किलोमागे ४.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा धरतात. वीस किलोच्या मुलाला झाले ९० मिलिग्रॅम. बाटलीवर ‘२ टक्के’ लिहिलेलं असेल तर एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम, म्हणजे ९० मिलिग्रॅमला साडेचार मिलिलिटर. आता समजा, आत चुकून ४ टक्क्यांचं औषध भरलं गेलंय. डॉक्टरांचा हिशेब अगदी बरोबर, आणि मुलाच्या अंगात गेले १८० मिलिग्रॅम! (घाबरू नका, एका दाढेला साधारण एक-दोन मिलिलिटर पुरतं.)

पालकांसाठीही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. दात येताना बाळ रडतं म्हणून हिरड्यांना लिग्नोकेनचं जेल आपल्या मनाने लावू नका. बाळ ते गिळतं, आणि किती गिळलं ते कोण मोजणार? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली अशा वापराविरुद्ध मुद्दाम इशारा दिला होता.

तर मोजायचं कसं? चाखून?

हसू नका. या औषधाची कहाणी चाखण्यापासूनच सुरू झाली आहे. १९३५ च्या सुमारास स्वीडनमध्ये होल्गर एर्टमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ जवाच्या रोपात सापडणारं एक द्रव्य प्रयोगशाळेत बनवू पाहत होते. बनलं भलतंच, त्याचं भावंड म्हणा ना. एर्टमननी त्याचा कण जिभेवर ठेवला आणि जीभ बधिर झाली! मग त्यांचे सहकारी निल्स ल्योफग्रेन यांनी याच धर्तीवर अनेक पदार्थ बनवून पाहिले. १९४३ साली ल्योफग्रेन आणि तरुण बेंग्ट लुंडक्विस्ट यांना लिग्नोकेन गवसलं. लुंडक्विस्टने ते स्वतःच्याच शरीरावर टोचून पाहिलं. १९४८ मध्ये औषध बाजारात आलं. (तुम्ही मात्र शाळेच्या प्रयोगशाळेतलं काहीही चाखायचं नाही. काहीही म्हणजे काहीही.)

पण जीभ फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगते. ‘किती’ ते नाही. ते काम विजेकडून करून घेता येतं.

गणपतीची वर्गणी मागायला तुम्ही कधी गेला आहात? काही घरं दार उघडताच पैसे काढून देतात. काही ठिकाणी दोनदा म्हणावं लागतं. आणि एखादे चिक्कू काका असतात, त्यांच्या दारात अर्धा तास उभं राहावं तेव्हा कुठे खिशात हात जातो. रेणूंचंही तसंच आहे. त्यांच्याकडून वर्गणी घ्यायची ती इलेक्ट्रॉनची. मागणारा असतो औषधाच्या द्रावणात बुडवलेला एक इलेक्ट्रोड. त्याच्यावरचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, हळूहळू वाढवत न्यायचं. हा झाला आग्रह. जमा होणारे इलेक्ट्रॉन म्हणजे वाहणारा विद्युतप्रवाह. दोघांचा आलेख काढला की एका विशिष्ट व्होल्टेजला प्रवाह भराभर वाढतो आणि मग उतरतो, कारण जवळपासच्या घरांची वर्गणी देऊन झालेली असते! आलेखावर छानशी टेकडी दिसते. टेकडी कुठे आहे यावरून देणारा कोण ते ओळखायचं, आणि ती किती उंच आहे यावरून असे देणारे किती ते ठरवायचं.

व्होल्टेज बदलत प्रवाह मोजायची ही युक्ती यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांची. प्राग शहरात फेब्रुवारी १९२२ मध्ये ती त्यांना प्रथम साधली. बारीक काचनळीतून टपटपणारे पाऱ्याचे थेंब हा त्यांचा इलेक्ट्रोड होता. प्रत्येक थेंब नवा, म्हणून प्रत्येक वेळी पृष्ठभाग कोराकरकरीत. १९५९ साली त्यांना याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं.

आपलं लिग्नोकेन मात्र चिक्कू काकांच्या जातीचं! त्याला बराच आग्रह लागतो, आणि तेवढ्या व्होल्टेजला पारा स्वतःच इलेक्ट्रॉन देऊन बसतो. म्हणून कार्बनचे इलेक्ट्रोड वापरतात. त्यांची वेगळीच कटकट. वर्गणी दिलेले रेणू अनेकदा तिथेच चिकटून राहतात आणि पुढचं मोजमाप कमी येतं. मग इलेक्ट्रोड ओल्या कापडावर बारीक पावडर घेऊन घासायचा, तोही इंग्रजी आठचा आकडा काढत, म्हणजे सगळीकडून सारखा घासला जातो. शिवाय आग्रह फार वाढवला की पाणीसुद्धा इलेक्ट्रॉन देऊ लागतं, आणि त्या पुरात आपली टेकडी बुडून जाते.

यावर उपाय कोणता सापडला असेल? हिरा! साध्या हिऱ्यातून वीज वाहत नाही. पण कृत्रिम हिऱ्याचा पातळ थर बनवताना त्यात पुरेसं बोरॉन मिसळलं, की त्यातून वीज वाहू लागते. आणि अशा हिऱ्यासमोर पाणी बराच जास्त आग्रह होईपर्यंत दम धरतं. तेवढ्या मोकळ्या जागेत लिग्नोकेनची टेकडी नीट दिसते.

आता शेवटची मेख. बाटलीत एकटं लिग्नोकेन नसतं. मीठ असतं, औषध टिकवणारी द्रव्यं असतात, पुष्कळदा अॅड्रिनॅलिनही असतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे औषध तिथल्या तिथे राहतं. अॅड्रिनॅलिन तसं दिलदार, कमी व्होल्टेजलाच इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. त्यामुळे त्याची टेकडी वेगळी, अलीकडे येते. पण या गर्दीमुळे आपल्या टेकडीची उंची थोडी कमीजास्त होऊ शकते. मग काय करायचं? त्याच द्रावणात मोजून थोडं शुद्ध लिग्नोकेन घालायचं. समजा, आधी टेकडी ६ चौकटी उंच होती. २ मिलिग्रॅम घातल्यावर ती १० चौकटी झाली. म्हणजे ४ चौकटी वाढल्या २ मिलिग्रॅममुळे. तर मग आधीच्या ६ चौकटी? ३ मिलिग्रॅमच्या! गर्दीने त्रास दिला तो दोन्ही वेळा सारखाच, म्हणून हिशेब बिघडत नाही.

कारखान्यांत हल्ली या कामाला बहुधा क्रोमॅटोग्राफीची मोठी, महागडी यंत्रं असतात. विजेची पद्धत त्या मानाने स्वस्त, झटपट, आणि तिचं यंत्र पिशवीत मावण्याएवढंही करता येतं. पद्धत कुठलीही असो, कसोटी कडक असते. अमेरिकेच्या औषधसंहितेप्रमाणे लिग्नोकेनच्या इंजेक्शनमध्ये लेबलवर लिहिल्याच्या ९५ ते १०५ टक्के औषध भरलं पाहिजे. म्हणजे २० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर १९ ते २१ च्या आत.

हे सगळं भाचीला सांगेपर्यंत तिचा ओठ पूर्ववत झाला होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या हिऱ्याची अंगठी होईल?” होईल बापडी, पण हिरा काळा असतो म्हटल्यावर तिचा उत्साह मावळला.

या वेळचं कोडं: लिग्नोकेनच्या ५ टक्के मलमाची ३० ग्रॅमची ट्यूब आहे. तिच्यात लिग्नोकेन किती? आणि दर्जा तपासणाऱ्याला तिच्यात १४०० मिलिग्रॅम सापडलं, तर वरच्या ९५ ते १०५ च्या कसोटीला ती ट्यूब उतरेल का? उत्तरं पुढच्या अंकात.